लेबल कापलेली चाल

"हे गाणं म्हणजे सरोजिनीतला माल!" दिल्लीतल्या एका मराठी घरच्या बैठकीत 'गोरे गोरे ओ बाँके छोरे' वाजून संपले आणि एका जाणत्या गृहस्थांनी निकाल देऊन टाकला. त्यांचे बालपण सरोजिनी नगरातल्या सरकारी क्वार्टरात गेलेले, त्यामुळे उपमेसाठी त्यांना लांब जावे लागले नाही. ज्यांनी सरोजिनीचा बाजार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगायचे, तर परदेशी ब्रँडसाठी शिवलेले, तपासणीत नापास झालेले किंवा ऑर्डरीपेक्षा जास्त झालेले कपडे तिथे ढिगाने येऊन पडतात. मानेमागचे लेबल कापलेले असते आणि विक्रेता स्टुलावर उभा राहून भाव ओरडत असतो.

गृहस्थांचे म्हणणे थोडक्यात असे. चाल उचललेली, ठेका परका, वाद्ये परकी. आपले काय, तर शब्द, आणि तेही हिंदी. लोक भुलले ते नवेपणाला. सी. रामचंद्रांसारख्या पुणतांब्याच्या, विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेल्या माणसाने हा उद्योग करावा हे दुर्दैव, आणि तिथून मराठी कान जो बिघडला तो थेट 'देस्पासितो'पर्यंत. बैठकीत माना डोलल्या. मराठी बैठकीत माना डोलवायला फारसे काही लागत नाही, 'ऱ्हास' हा एक शब्द पुरतो.

आधी कबुली. चाल उचललेली आहे, यात वाद नाही. 1945 साली 'डॉल फेस' या अमेरिकन चित्रपटात कार्मेन मिरांडाने पोर्तो रिकोच्या कुणा चिकोवरचे एक गाणे म्हटले. 1950 साली 'समाधी'मध्ये लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांच्या तोंडी जे गाणे आले, त्याचा मुखडा सरळ तिथून आलेला आहे. चित्रपट होता आझाद हिंद सेनेच्या पार्श्वभूमीवरचा, हा विनोद आणखी निराळा. मूळ चालीचे ऋण कुठे मान्य केले गेले नाही. इथवर गृहस्थ बरोबर.

पण कोणाची चाल उचलली, हे विचारायला गृहस्थ थांबले नाहीत. त्यांच्या मते ती 'लॅटिन लोकांची'. हे लॅटिन लोक कोण, ते जरा पाहू. त्या गाण्याचा संगीतकार जिमी मॅकह्यू हा बोस्टनचा. गीतकार हॅरॉल्ड ॲडमसन, तोही अमेरिकनच. गाणे पोर्तो रिकोच्या माणसाबद्दल. गाणारी बाई ब्राझीलची म्हणून जगप्रसिद्ध, पण जन्मली 1909 साली पोर्तुगालमध्ये. स्टुडिओ हॉलिवुडचा. म्हणजे ज्याला गृहस्थ 'मूळ' म्हणतात तोच मुळात एक गुंता आहे. सरोजिनीच्या ढिगाऱ्यातही एवढा मिसळलेला कपडा सहसा सापडणार नाही.

आणि त्या बाईंवरही हाच आरोप झाला होता. अमेरिकेत नाव कमावून 1940 साली त्या रिओला परतल्या, तेव्हा तिथल्या उच्चभ्रू प्रेक्षकांनी त्यांना थंडपणे घेतले: ही आता आपली राहिली नाही, अमेरिकन झाली. बाईंनी उत्तर दिले ते एका सांबातून. हा आक्षेप त्यांच्यावर रिओमध्ये घेतला गेला, दहा वर्षांनी त्यांच्या चालीवर मुंबईत, आणि आता पाऊणशे वर्षांनी दिल्लीत चहाचा कप हातात धरून. ठिकाण बदलते, कप बदलतो.

आणखी मागे जायचे असेल तर तेही करता येईल. लॅटिन म्हणून जगाला पहिल्यांदा वेड लावणाऱ्या चालींपैकी एक म्हणजे बिझेच्या 'कार्मेन' या 1875 सालच्या ऑपेरातली हाबानेरा. ती बिझेची नव्हे. इरादिएर नावाच्या स्पॅनिश संगीतकाराचे ते गाणे. बिझेने ते लोकगीत समजून घेतले आणि नंतर स्वरलिपीत मूळ गाण्याची नोंद करावी लागली. बरे, हाबानेरा तरी स्पेनची का? तर तीही नाही. युरोपातला एक सामूहिक नाच कॅरिबियन बेटांवर पोचला, आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांच्या ठेक्यात मुरला आणि हाबानेरा झाला. नाव हवानाचे, सांगाडा युरोपाचा, नाडी आफ्रिकेची. फ्रेंच माणसाने स्पॅनिश माणसाची क्युबन ढंगाची चाल घेतली की ती जगभरच्या ऑपेरागृहांत अभिजात ठरते; पुणतांब्याच्या माणसाने बोस्टनच्या माणसाची घेतली की तो सरोजिनीतला माल.

घरच्या देव्हाऱ्याकडेही पाहावे. 1880 साली पुण्यात किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले, त्यातल्या चालींत कानडी होत्या, कीर्तनातल्या होत्या, लावणीच्याही होत्या. 'मानापमान'च्या 1911 सालच्या पदांसाठी गोविंदराव टेंबे यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्यांकडे हात पसरले. गृहस्थांच्या डोळ्यांत नाट्यपद ऐकून पाणी येते, आणि ते खरे पाणी असते. पण पाणी यायला सुरुवात होते ती ऑर्गनचा पहिला सूर लागला की. तो ऑर्गन काही सह्याद्रीत उगवलेला नाही.

वाद्ये परकी, हा त्यांचा मुद्दा इथेच निकालात निघाला. पुढचा, शब्द हिंदी असण्याचा: हिंदी चित्रपटात ते हिंदीच असणार.

नवेपणाची भूल म्हणावी, तर ती 1950 पासून अजून उतरलेली नाही.

कान बिघडल्याचे म्हणाल, तर ज्या माणसाने ही चाल उचलली त्यानेच तीन वर्षांनी 'अनारकली' दिला. आणि 27 जानेवारी 1963 रोजी याच दिल्लीत, नॅशनल स्टेडियममध्ये, लताबाईंनी 'ऐ मेरे वतन के लोगो' गाऊन पंतप्रधानांसह राजधानीला रडवले, त्या गाण्याची चालही त्याचीच. सरोजिनी नगरच्या क्वार्टरांतही तो प्रसंग वर्षानुवर्षे अभिमानाने सांगितला गेला. त्या दिवशी 'हा तोच बोंगोवाला' असे कुणाला आठवले नाही.

हा वाद दिल्लीला नवा नाही. 1952 नंतर सरकारी रेडिओवर चित्रपटगीतांना कात्री लागली. कात्री चालवणारे मंत्री मराठीच, शास्त्रीय संगीताचे मोठे अभिमानी. चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे जाहिरात, म्हणून नावही सांगायचे नाही. तेव्हा निर्मात्यांनी गाणीच काढून घेतली. म्हणजे लेबल कापण्याचा धंदा पटरीवाल्यांच्या आधी सरकारने केला होता. परिणाम काय झाला? देशभरच्या रेडिओंचा काटा कोलंबोकडे वळला. दर बुधवारी संध्याकाळी अमीन सायानींचा आवाज घराघरांत घुमू लागला, आणि 1957 साली सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली. पेटीची कथा तर याहून करुण. 1940 पासून जवळजवळ तीस वर्षे तिला त्याच रेडिओवर बंदी होती, कारण ती परदेशी आणि तिच्यात मींड निघत नाही. मींड पियानोतूनही निघत नाही, पण पियानोवर रागावण्याची हिंमत कुणाला झाली नाही.

'देस्पासितो'ला या भांडणात ओढण्याचे कारण नव्हते, पण गृहस्थांनी ओढलेच आहे. लुईस फोन्सी आणि डॅडी यांकी हे दोघेही पोर्तो रिकोचे. म्हणजे चिको नव्हे तर त्याचे खरे गाववाले. 2017 साली, जस्टिन बीबरची भर पडल्यावर, ते गाणे अमेरिकेच्या यादीत 16 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. 1996 सालच्या 'माकारेना'नंतर स्पॅनिश गाण्याला तिथे तो मान मिळाला नव्हता. मलेशियाच्या सरकारी रेडिओने ते बंद केले. सरकारी रेडिओंचे आपसात काही नाते असावे.

आता उरले मंडन. ते खंडनापेक्षा लहान आहे, हे आधीच कबूल.

'समाधी'तल्या गाण्यात चाल उचलल्यावर पुढे काय झाले, ते ऐकायला हवे. कार्मेन मिरांडाच्या गाण्यात सारा तोरा तिचा एकटीचा. इथे त्याचे सवाल-जवाब झाले आहेत: छोरी विचारते, छोरा उत्तर देतो, आणि छोऱ्याचे उत्तरही बाईच्याच आवाजात. पडद्यावर नलिनी जयवंत आणि कुलदीप कौर. ज्याने फडावरची छेडछाड पाहिली आहे त्याला ही मांडणी परकी वाटू नये. त्यात एक आवाज अमीरबाईंचा, विजापूरकडच्या बिळगीचा, भरदार, 'किस्मत'च्या काळातला. दुसरा लताबाईंचा, तेव्हा नुकताच गाजू लागलेला, बारीक आणि टोकदार. हिंदी चित्रपटगायनाचे दोन जमाने एका तबकडीवर एकमेकांशी भांडतात, आणि पुढच्या काळात कोण जिंकणार हे ऐकणाऱ्याला तिथेच कळते. हे पोर्तो रिकोहून आलेले नाही.

ठेक्याचेही तसेच. लॅटिन म्हणवणाऱ्या कित्येक तालांच्या बुडाशी आठ मात्रांचे तीन-तीन-दोन असे खंड असतात. केरव्यात असे खंड पाडणे कुठल्याही तबलजीला नवे नाही. म्हणून बोंगो आला तेव्हा पाय अडखळले नाहीत. तो बोंगो हिंदी चित्रपटसंगीतात रुजवला कावस लॉर्ड या पारशी वादकाने. ट्रंपेट होता चिक चॉकलेटचा, म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याच्या आंतोनियो झेवियर वाझचा. तो सी. रामचंद्रांचा सहायकही होता. 'अलबेला'मध्ये 1951 साली त्याचा ताफा झालरीचे कपडे घालून पडद्यावरही आला. 'शोला जो भडके' त्याच चित्रपटातले, आणि त्यात चितळकर या नावाने सी. रामचंद्र स्वतः लताबाईंबरोबर गायले. भगवानदादांच्या चार पावलांवर महाराष्ट्रातल्या गणपतीच्या मिरवणुका आजवर नाचल्या आहेत. ते नाचणे लॅटिन की मराठी, हे ठरवायला मिरवणूक कुणी थांबवलेली नाही.

म्हणून गृहस्थांची उपमा स्वीकारावी, पण पुरती. सरोजिनीच्या ढिगातला शर्ट बहुतेक वेळा ओखला, नोएडा, गुडगाव किंवा तिरुपूरच्या कारखान्यात शिवलेला असतो. कापलेले लेबल परदेशी, टाका इथला. शिंप्याचे नाव त्या लेबलावर आधीही नव्हते.

गाण्यांचेही हेच. पडद्यावरच्या नामावळीत संगीतकार आला, गीतकार आला. कधी गायकही आले. गोव्याच्या चर्चशाळांत संगीतशिक्षकांकडून स्वरलिपी शिकून मुंबईला आलेले, दिवसा स्टुडिओत आणि रात्री हॉटेलांत वाजवणारे ट्रंपेटवाले, सॅक्सोफोनवाले, व्हायोलिनवाले त्या नामावळीत बहुधा नसायचे. चोरीची चौकशीच करायची, तर ती तिथून सुरू करता आली असती. बैठकीत गृहस्थांनी 'मूळ कुणाचं?' हे तीनदा विचारले. वाजवले कुणी, हे काही त्यांनी विचारले नाही. तोवर दुसरी रेकॉर्ड लागली होती, नाट्यपदाची, आणि ऑर्गन सुरू झाला होता.