‘बरंय’ म्हणण्यापूर्वी



‘सुखी माणसाचा सदरा’ ही गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल आणि पुढे मुलांना सांगितलीही असेल. राजा आजारी पडतो. वैद्य सांगतात की सुखी माणसाचा सदरा अंगात घाला, म्हणजे बरं वाटेल. शिपाई राज्यभर हिंडतात आणि अखेर सुखी माणूस सापडतो, तर त्याच्यापाशी सदराच नसतो! परवा वर्गात ही गोष्ट सांगून झाली. आता तात्पर्य सांगणार, एवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, त्याची बायको पण सुखी होती का?”

वर्ग हसला. मीही हसले. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. खरंच की! राजाचे शिपाई त्या बाईला भेटलेच नाहीत. आणि भेटले असते तरी ती काय म्हणाली असती? पदराला हात पुसत म्हणाली असती, “बरंय.” आपण सगळ्याजणी हेच म्हणतो, नाही का? पाठ दुखत असो, मन दुखत असो, कोणी विचारलं की ‘बरंय’.

आज या ‘बरंय’विषयीच तुमच्याशी बोलायचं आहे. कारण सुख ही आता नुसती नशिबाची गोष्ट राहिलेली नाही. राज्यकर्तेही त्याचा हिशेब मांडू लागले आहेत. शेजारच्या मध्य प्रदेशाने २०१६ साली चक्क ‘आनंद विभाग’ काढला. आपल्याकडे २०२४ मध्ये पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘आनंददायी शनिवार’ आला. पण या साऱ्याची सुरुवात झाली ती भूतानमध्ये.

भूतान हा हिमालयातला चिमुकला देश. तिथले राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक १९७२ साली गादीवर आले. देशात पैसा किती निर्माण झाला यापेक्षा लोक किती समाधानात आहेत हे मोठं, असा विचार त्यांनी त्या दशकात मांडला. २००८ सालच्या त्यांच्या राज्यघटनेतही तो आला. संयुक्त राष्ट्रसंघाने तर २०१२ मध्ये २० मार्च हा ‘आंतरराष्ट्रीय आनंद दिन’ म्हणून ठरवून टाकला.

आता तुम्ही म्हणाल, सुख काय तराजूत घालून मोजायचं? तर तिथे ते विचारून मोजतात. पाहणी करणारी माणसं घरी येतात आणि प्रश्न विचारतात. राहणीमान, आरोग्य, शिक्षण, राज्यकारभार, निसर्ग, संस्कृती, शेजारपाजार आणि मनाची अवस्था या आठ बाबी झाल्या. नववी बाब आहे वेळ! काम किती तास करता आणि झोपता किती तास, हेही विचारतात. त्या कामात पगार न मिळणारं काम, मुलांना सांभाळणं, हेसुद्धा धरतात. २०१५ च्या पाहणीत तिथल्या बायका पुरुषांपेक्षा कमी सुखी निघाल्या. विचारलं म्हणून तर कळलं!

मात्र भूतान म्हणजे नंदनवन, असं समजू नका. १९९० च्या सुमारास नेपाळी बोलणाऱ्या लाखभर लोकांना तो देश सोडून निर्वासितांच्या छावण्यांत राहावं लागलं. जे देशातच उरले नाहीत, त्यांचं सुखदुःख पाहणीत येणार कुठून? तेव्हा सुखाचा आकडा कानावर आला की एक प्रश्न जरूर करावा, विचारायचं राहिलं ते कोणाला?

हे सुचलं, कारण मी राहते ते पोफळी गाव. कुंभार्ली घाट उतरलात की पायथ्याशी आमचं गाव लागतं. भूतानची मोठी मिळकत पाण्यावरच्या विजेची, आणि आमच्या गावाची ओळखही तीच. कोयना नदी खरी पूर्वेला वाहणारी. तिचं पाणी धरणात अडवलं, सह्याद्रीच्या पोटातून बोगदा काढून पश्चिमेला वळवलं आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहात आणलं. १९६२ साली इथे वीज सुरू झाली. आज सगळे टप्पे मिळून कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट आहे. तिला महाराष्ट्राची वरदायिनी म्हणतात, ते काही खोटं नाही. तुमच्या-माझ्या मिक्सरपासून मोठमोठ्या कारखान्यांपर्यंत सगळीकडे तिचा वाटा आहे.

आमच्या शेजारी एक आजी आहेत. त्यांचं माहेर शिवसागराच्या, म्हणजे धरणाच्या, पाण्याखाली गेलं. तेव्हा त्या परकर नेसत होत्या. एकदा शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, “ईज आली, बेस झालं. पोरं शिकली. पर आमास्नी कुनी इचारलं न्हाई. आईनं जातं बी तितंच ठिवलं. म्हनली, कुटं न्यायचं हे?”

धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्राने कायदा केला तो १९७६ साली. म्हणजे कोयनेच्या गावांत पाणी शिरून गेल्यावर कितीतरी वर्षांनी. २०१८ सालीसुद्धा आपल्या हक्कासाठी त्या लोकांना कोयनानगरला ठाण मांडून बसावं लागलं. धरण बांधायला नको होतं, असं मी म्हणत नाही. मी हे लिहिते आहे ते पंख्याखाली बसूनच. पण मेगावॅट मोजायला जेवढी माणसं लावली, त्यातली चार जरी जात्यापाशी बसलेल्या बाईकडे पाठवली असती, तर? तिला काय हवं, कुठे हवं, एवढं आधीच कळलं असतं.

आता जरा घरात येऊया. आपल्या देशात सरकारने २०२४ साली एक पाहणी केली. माणसं दिवसाचे चोवीस तास कसे घालवतात, ते विचारलं. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो. म्हणजे पाच तासांना अकरा मिनिटं कमी! पुरुषांचा जातो ८८ मिनिटं. आणि हे फक्त घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचं बरं का. चारांतले जवळजवळ तीन तर हातच लावत नाहीत. आमच्या ‘ह्यां’ना हे वाचून दाखवलं, तर म्हणाले, “अठ्ठ्याऐंशी मिनिटं तर मी करतोच की!” म्हटलं, “उद्या घड्याळ लावू?” त्यावर वर्तमानपत्र जरा वर गेलं.

चेष्टा सोडा. तुम्ही खानावळीत पोळ्या लाटल्यात तर त्या देशाच्या उत्पन्नात धरल्या जातात. त्याच पोळ्या घरी लाटल्यात तर धरल्या जात नाहीत. म्हणून अशा पाहण्या हव्यात. जे मोजलं जात नाही, त्याच्यासाठी ना योजना निघते, ना पैसा.

यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी एक प्रयोग केला. सगळ्यांना बोलावलं. नवरा आहे की नाही, हे पाहिलं नाही. वाण म्हणून एकेक लहान वही दिली आणि म्हटलं, ‘कशाने सुख वाटेल ते एका चिठ्ठीवर लिहा, नाव घालू नका.’ आधी हसण्यावारी नेलं. मग खाली माना घालून सगळ्याजणी लिहायला लागल्या. मला वाटलं होतं पाटल्या, बांगड्या, नवा फ्रीज असं काही निघेल. निघालं ते असं. ‘नळाला ठरल्या वेळी पाणी.’ ‘संध्याकाळची एस.टी. रद्द होऊ नये.’ ‘तपासणीसाठी चिपळूणला धावावं लागू नये.’ ‘सासूबाईंना माझ्याखेरीज आणखी कोणी तरी एक दिवस सांभाळावं.’ ‘दुपारी तासभर झोप.’ ‘कोणीतरी वाढलेलं गरम ताट.’

आजींना लिहिता येत नाही. त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं, “लिव. माज्या गावाचं नाव कुटंतरी लिवा म्हनावं.” मी लिहिलं. चिठ्ठीवर लिहिलं आणि माझ्या वहीच्या पहिल्या पानावरही लिहिलं.

सगळ्याजणी गेल्यावर त्या चिठ्ठ्यांचे मी तीन ढीग केले. तुम्हीही करून पाहा. पहिला ढीग सरकारकडे मागायच्या गोष्टींचा. पाणी, एस.टी., दवाखाना आणि आजींची चिठ्ठी. सरकारने माझ्या मनात आनंद भरावा, अशी माझी अपेक्षाच नाही. हंड्यात गेलेली दोन तासांची पायपीट वाचवली तरी पुष्कळ. कोकणात पाऊस धो धो पडतो आणि मे महिन्यात वाड्यावाड्यांवर टँकर येतात, हे काही आपल्या नशिबात लिहिलेलं नाही. दुसरा ढीग घरच्यांकडे मागायचा. गरम ताट, सासूबाईंजवळ एक दिवस. तिसरा ढीग आपला स्वतःचा. दुपारची झोप घ्यायला कित्येकदा आडवं येतं ते आपलंच मन. लोक काय म्हणतील?

या तिन्हींची गल्लत केली की घोटाळा होतो. नळाला पाणी नाही म्हणून नवऱ्याशी भांडायचं, आणि नवरा हात लावत नाही म्हणून नशिबाला बोल लावायचा!

आणि हो, पहिल्या ढिगासाठी वाट आहे. ग्रामसभेच्या आधी बायकांची स्वतंत्र सभा घ्यावी, असा महाराष्ट्रात नियम आहे. ती नुसती सह्यांपुरती होऊ देऊ नका. जाऊन बसा. शहरात राहत असाल, तर चारजणींनी मिळून नगरसेवकाकडे लेखी अर्ज द्या. एकटीची तक्रार म्हणजे कटकट ठरते, चौघींची झाली की तिला मागणी म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यातलं हेरवाड गाव आठवा. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, हे बंद करण्याचा ठराव २०२२ च्या मे महिन्यात तिथल्या ग्रामसभेने केला, आणि त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. त्या ठरावाला ना धरण लागलं, ना निधी. एका गावाने आपल्या बायकांच्या दुःखाचा विचार केला, एवढंच.

दूधवाल्याच्या खाड्यांचा हिशेब आपण पैशापर्यंत ठेवतो. त्याच वहीत या आठवड्यात आपले तास मांडा. उठण्यापासून निजेपर्यंत कशात किती वेळ गेला, ते रोज दोन ओळींत लिहा. रविवारी ते पान घरातल्यांना मोठ्याने वाचून दाखवा. भांडण म्हणून वाचू नका. वाण्याची यादी वाचतो, तसं वाचा.

आणि पुढच्या वेळी कोणी विचारलं, “कशी आहेस?” तर ‘बरंय’ म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबा. खरं काय ते सांगून पाहा. आणि तुमच्या घरातही कोणी आई, सासूबाई, कामाला येणारी बाई असेल, तिला आज तुम्ही विचारा. विचारून लगेच ओट्याकडे वळू नका. तीही आधी ‘बरंय’च म्हणणार आहे.