राष्ट्राध्यक्ष आणि शेअरबाजार

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली की तिचे पडसाद आपल्या इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील घरांतही उमटतात. कोणाचा मुलगा तिकडे नोकरीस असतो, कोणाची लेक-जावई. त्यांच्या म्हातारपणाची पुंजी तेथील शेअरबाजारात गुंतलेली असते. साहजिकच ‘अमके निवडून आले तर बाजार चढेल, तमके आले तर बुडेल’ अशी भाकिते बैठकीत रंगतात. अशा भाकितांवर विसंबून घरची पुंजी हलवावी काय, हा प्रश्न मात्र विचारात घेण्याजोगा आहे.

आपल्या शास्त्रकारांनी ‘काकतालीय न्याय’ सांगितला आहे. ताडावर कावळा बसावयास आणि फळ पडावयास एकच गाठ पडली, म्हणून फळ कावळ्यानेच पाडले असे होत नाही. राष्ट्राध्यक्ष आणि बाजार यांचा संबंध पुष्कळदा याच जातीचा असतो.

हर्बर्ट हूवर मार्च १९२९ मध्ये अधिकारारूढ झाले. सप्टेंबरात ‘डाऊ जोन्स’ निर्देशांक ३८१ वर होता. ऑक्टोबरात बाजार कोसळला आणि जुलै १९३२ मध्ये तो ४१ वर येऊन ठेपला. लोकांनी सारे खापर हूवर यांच्या माथी फोडले. वस्तुतः उसन्या पैशावर शेअर घेण्याचा ज्वर त्यांच्या आगमनापूर्वीच चढलेला होता. तथापि ते सर्वथा निर्दोष होते असेही नव्हे. आयात मालावरील जकात वाढविणाऱ्या कायद्यावर १९३० मध्ये त्यांनी स्वाक्षरी केली. इतर देशांनी तसेच प्रत्युत्तर दिले आणि व्यापार अधिकच आक्रसला.

याच्या उलट बराक ओबामा यांचे. ते जानेवारी २००९ मध्ये आले, तेव्हा बाजार आधीच्या वर्षीच्या अरिष्टाने खचलेला होता. मार्चमध्ये त्याने तळ गाठला आणि पुढे २०१७ पर्यंत डाऊ ८,००० च्या आतून १९,८०० च्या आसपास पोहोचला. यात त्यांच्या धोरणाचा वाटा असेलही. परंतु फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेने डिसेंबर २००८ पासून सात वर्षे व्याजाचा दर शून्याजवळ ठेवला होता, हे विसरून चालणार नाही. आमच्या शिक्षणखात्यातही असेच घडते. जूनमध्ये नवे मुख्याध्यापक रुजू होतात आणि त्याच महिन्यात लागलेल्या निकालाचा हार त्यांच्या गळ्यात पडतो!

मग राष्ट्राध्यक्षांच्या हाती काहीच नसते काय? असते. २ एप्रिल २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी बहुतेक साऱ्या देशांच्या मालावर जकात जाहीर केली आणि पुढील दोन दिवसांत ‘एस अँड पी ५००’ निर्देशांक दहा टक्क्यांहून अधिक घसरला. ९ एप्रिलला त्यांनी तिचा बराचसा भाग नव्वद दिवस स्थगित करताच तोच निर्देशांक एका दिवसात साडेनऊ टक्के उसळला. येथे कावळ्यानेच फळ पाडले, यात शंका नाही.

परंतु एक दिवस हलविणे निराळे आणि आठ वर्षे चालविणे निराळे. दीर्घकाळात बाजार चालतो तो उद्योगांचा नफा, व्याजाचे दर, तेलाचे भाव आणि नवे शोध यांच्या बळावर. अ‍ॅलन ब्लाइंडर आणि मार्क वॉटसन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की, डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षांच्या काळात अमेरिकेची आर्थिक वाढ अधिक वेगाने झाली. मात्र तिचे श्रेय त्यांनी प्रामुख्याने तेलाच्या अनुकूल भावांसारख्या गोष्टींना दिले. ब्लाइंडर हे स्वतः क्लिंटन यांचे आर्थिक सल्लागार होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे मोल वाढते.

तेव्हा गृहस्थाने काय करावे? दोन-चार वर्षांत शिक्षणास, लग्नास वा औषधोपचारास लागणारा पैसा बाजारात ठेवूच नये; मग तेथे सिंहासनावर कोणीही बसो. उरलेला पैसा वीस वर्षांसाठी असेल, तर एका निवडणुकीच्या निकालावरून तो काढू नये. मुलांना पत्र लिहाल तेव्हा निवडणुकीत कोण जिंकणार हे अवश्य विचारा. त्यांची पुंजी मात्र त्या उत्तरावर अवलंबून ठेवू नका.