रोनाल्डो गेल्यावर तुम्ही कोणाचे?



आपल्या शनिवारच्या ऑनलाइन वर्गात एकदा ‘माझा आवडता संघ’ या विषयावर बोलायचं होतं. रियाधमधला एक मुलगा अल-नस्रचा पिवळा-निळा शर्ट घालून बसला होता. पाठीवर रोनाल्डोचं नाव आणि ७ नंबर. तो छान बोलला, अगदी न अडखळता. शेवटी मी विचारलं, “रोनाल्डो निवृत्त झाला की मग काय?” तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “मग दुसरा संघ बघीन, दादा.”

सगळे हसले. मीही हसलो. पण ते उत्तर माझ्या डोक्यातून जाईना. कारण मी कोल्हापूरचा आहे आणि आमच्याकडे असं उत्तर कोणी देत नाही.

कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे असतात. तालीम म्हणजे कुस्ती आणि व्यायामाची जागा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तिथल्या काही तालमींची नावं. छत्रपती शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की त्या दिवशी शहरात दुसरा विषय नसतो. तुम्ही ज्या पेठेत जन्मलात, त्या पेठेची तालीम तुमची. खेळाडू येतात-जातात, पेठ बदलत नाही. हे सगळं गोडच आहे असं नाही. कधी कधी प्रेक्षकांत मारामाऱ्याही होतात. पण “तुम्ही कोणाचे?” असं विचारलं, तर कोल्हापूरकराला विचार करावा लागत नाही.

आता मी नोकरीसाठी रियाधमध्ये आहे. इथे फुटबॉलमध्ये काय घडलं ते तुम्हाला माहीतच आहे. ३० डिसेंबर २०२२ रोजी अल-नस्रने रोनाल्डोला घेतल्याचं जाहीर केलं. त्याला वर्षाला सुमारे २० कोटी युरो मिळतात अशा बातम्या आल्या. जरा गणित करा. दिवसाला साडेपाच लाख युरोंच्या आसपास झाले! पुढे जून २०२३ मध्ये सौदी सरकारच्या पब्लिक इन्व्हेस्टमेंट फंडाने अल-हिलाल, अल-नस्र, अल-इत्तिहाद आणि अल-अहली या चार क्लबांची प्रत्येकी ७५ टक्के मालकी घेतली. मग बेंझेमा आला, नेमार आला, माहरेझ आला.

एवढा पगार चुकीचा आहे का? मला तसं वाटत नाही. इंग्लंडमध्ये १९६१पर्यंत नियमच असा होता की फुटबॉलपटूला आठवड्याला २० पौंडांपेक्षा जास्त पगार द्यायचा नाही. मैदान भरायचं खेळाडूंमुळे आणि खेळाडूला मात्र ठरलेलीच रक्कम. खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केली, तेव्हा कुठे तो नियम गेला. हे योग्यच झालं. ज्याच्या पायांवर खेळ चालतो, त्याला पैसे मिळायलाच हवेत.

मग माझा मुद्दा काय? पगार किती, हा माझा प्रश्न नाही. पगार कुठून येतो, हा आहे.

१९९२ मध्ये इंग्लंडमध्ये प्रीमियर लीग सुरू झाली. सामने दाखवण्याचे हक्क टीव्ही कंपन्यांनी प्रचंड पैसे देऊन विकत घेतले. तेव्हापासून चक्र असं फिरतं: प्रेक्षक टीव्हीचे पैसे भरतात, टीव्ही कंपनी लीगला देते, लीग क्लबांना देते आणि क्लब खेळाडूंना. यातही दोष आहेत. सामन्यांच्या वेळा टीव्हीच्या सोयीने बदलतात, तिकिटं महाग होतात आणि मैदानावर येणारा जुना माणूस मागे पडतो. तरी एक गोष्ट खरी. त्या पगारामागे लाखो प्रेक्षक उभे असतात.

सौदीत हेच चक्र उलट्या बाजूने सुरू केलं आहे. पगार आधी, टीव्ही आणि प्रेक्षक मागून येतील ही आशा. रोनाल्डो आल्यावर इथले सामने बऱ्याच देशांत दिसू लागले, भारतातही. पण त्यातून मिळणारा पैसा या पगारांच्या जवळपासही जात नाही. पैसा येतो तो मुख्यतः एकाच मोठ्या खिशातून. टीकाकार म्हणतात, की जगात देशाची प्रतिमा उजळावी म्हणून हा खर्च चालला आहे. सरकार म्हणतं, की तेलाशिवाय दुसरे व्यवसाय उभे करायचे आहेत. कारण कोणतंही असो, ज्या दिवशी त्या खिशाचं मन बदलेल, त्या दिवशी काय उरेल?

एक आकडा सांगतो: ६९६. ऑक्टोबर २०२३ मध्ये रियाधमध्ये अल-रियाध आणि अल-इत्तिफाक यांचा सामना झाला. त्याला आलेल्या प्रेक्षकांची ही संख्या. मैदानावर लिव्हरपूलचा माजी कर्णधार जॉर्डन हेंडरसन खेळत होता, हे लक्षात घ्या. आमच्या शाहू स्टेडियमवर एवढीच माणसं आली, तर लोक विचारतील, “आज सामना रद्द झाला की काय?” जानेवारी २०२४ मध्ये हेंडरसन इथून निघून हॉलंडच्या आयाक्सकडे गेला.

पण घाई करू नका. “सौदीत फुटबॉल पैशाने आणला,” असं कोणी म्हणालं तर ते खोटं आहे. जेद्दाहचा अल-इत्तिहाद १९२७ सालचा आहे. मोठ्या क्लबांवर इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या जीव टाकत आले आहेत. २२ नोव्हेंबर २०२२ रोजी विश्वचषकात सौदीने मेस्सीच्या अर्जेंटिनाला २-१ हरवलं, ते रोनाल्डो येण्याच्या सव्वा महिना आधी. त्या सौदी संघातला प्रत्येक खेळाडू इथल्याच लीगमध्ये खेळणारा होता.

म्हणजे पाया होता. मग नव्या पैशाने तो पाया भक्कम झाला का? काही ठिकाणी नक्की झाला. २०२५ च्या क्लब विश्वचषकात अल-हिलालने मँचेस्टर सिटीला ४-३ हरवलं. मुलींचंही बघा. २०१८पर्यंत इथे बायकांना स्टेडियममध्ये सामना बघता येत नव्हता. आज त्यांची स्वतःची लीग आहे. मला हा बदल सगळ्यांत मोठा वाटतो. पण दुसऱ्या बाजूला, राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक असताना रॉबर्टो मँचिनी पुन्हा पुन्हा तक्रार करत होते, की सौदी खेळाडू आपल्याच क्लबांत बाकावर बसून असतात. मैदानावरच्या जागा परदेशी खेळाडू घेतात. घरचा मुलगा बाकावर आणि पाहुणा मैदानात, असं किती दिवस चालेल?

आपल्या देशाकडेही बघू. २२ ऑक्टोबर २०२५ रोजी अल-नस्रचा संघ मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर एफसी गोवाशी खेळायला आला. रोनाल्डो आलाच नाही. त्याला बघायला मिळेल म्हणून वाट पाहणारे किती हिरमुसले असतील! पण जे गोव्यासाठी आले होते, त्यांना आपल्या ब्रायसन फर्नांडिसचा गोल बघायला मिळाला. गोवा १-२ हरला, पण नुसता पाहुण्याचा चेहरा बघून कोणी परतलं नाही. आणि गंमत अशी, की त्याच वेळी भारतातली आयएसएल बंद पडली होती. महासंघ आणि त्याच्या व्यावसायिक भागीदाराचा १५ वर्षांचा करार संपत आला होता, नवा होत नव्हता, म्हणून २०२५-२६चा हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही. बघा, एकाच खिशावर उभा असलेला खेळ असा अडकतो.

हल्ली कोल्हापुरातल्या तालमीही पैसे देऊन बाहेरचे, अगदी आफ्रिकेतलेही खेळाडू आणतात. म्हणजे हा प्रश्न आमच्या दारातही आला आहे. मी त्याला विरोध करत नाही. फक्त एवढं म्हणतो, की बाहेरून एक खेळाडू आणाल, तेव्हा पेठेतल्या दहा पोरांना बूट आणि एक चांगला प्रशिक्षकही द्या.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही रियाधमध्ये असाल, लंडनमध्ये असाल नाहीतर न्यू जर्सीत. आई-बाबांचं गाव वेगळं, तुमचं शहर वेगळं. पेठ तुम्हाला जन्माने मिळालेली नाही. पण ती निवडता येते. तुमच्या घराजवळचा एखादा छोटा संघ शोधा. वर्षातून दोन-तीनदा मैदानावर जाऊन त्याचा सामना बघा. हरला तरी पुढच्या वेळी परत जा. क्लबला कोट्यवधी युरो देणं तुमच्या-माझ्या हातात नाही. परत जाणं मात्र आहे. आणि क्लब शेवटी जगतो तो परत येणाऱ्यांवरच.

पुढच्या शनिवारी वर्गात प्रत्येकाने सांगायचं: तुम्ही कोणाचे आणि का? आठ-दहा वाक्यं पुरेत. उत्तर ‘रोनाल्डोचा’ असलं तरी चालेल. फक्त तो गेल्यावर काय करणार, तेही सांगा.