‘शून्यातून सुरुवात’ म्हणण्याआधी घराची वही काढा



व्हिडिओत सांगायची थोडी लाज वाटली, म्हणून ही गोष्ट इथे लिहितोय. प्रकरण माझ्या घरातलं आहे, पण शेवटी ते तुमच्या धंद्याच्या हिशोबापर्यंत येतं. म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आधी माझी जुलैमधली एक सकाळ बघा. विंझरला पाऊस लागला की दिवसेंदिवस हटत नाही. राजगड आणि तोरणा दोन्ही ढगात गायब. पहाटे साडेपाचला लाईट गेली. लाईट नाही म्हणून मोटर नाही, मोटर नाही म्हणून टाकी रिकामी. बाहेर धो धो पाऊस आणि घरात नळाला थेंब नाही, हा विनोद आमच्याकडे दर पावसाळ्यात होतो. ओटीवरचे कपडे तीन दिवस ओले, मुलाच्या युनिफॉर्मला कुबट वास. काडेपेटी सादळलेली. परसात गेलो तर गोगलगायींनी घोसाळ्याचे कोवळे शेंडे फस्त केलेले, आणि काकडीच्या वेलाखाली माकडांनी अर्ध्या खाऊन टाकलेल्या काकड्या. पूर्ण खाल्ली असती तर एवढं वाटलं नसतं. अर्धी टाकतात ना, त्याचा राग येतो.

म्हणजे दुकानाचं शटर वर करायच्या आधीच माझ्या पाच-सहा तक्रारी तयार. तुमच्याही घरी थोड्याफार फरकाने हेच असेल.

अशा वेळी मोबाईल उघडला की कोणीतरी सांगतंच, ‘रोज सकाळी पाच गोष्टींचे आभार माना, निगेटिव्ह विचार सोडा.’ मीही एका व्हिडिओत हेच सांगितलंय. सल्ला वाईट नाही. पण आज माझं मत वेगळं आहे. धंदा करणाऱ्या माणसाने मनातल्या मनात मानलेले आभार पुरेसे नाहीत. ते वहीत यायला हवेत. आणि तक्रारी सोडून द्यायच्या नाहीत, त्यासुद्धा वहीत यायला हव्यात. हे मत कसं झालं, ते सांगतो.

माझ्या एका जुन्या व्हिडिओची सुरुवात अशी होती : ‘मित्रांनो, मी शून्यातून सुरुवात केली.’ ऐकायला भारी वाटतं. लोकांनाही आवडलं. एका संध्याकाळी घरात कोणीतरी तो व्हिडिओ मोठ्याने लावला होता. आई खाली बसून अळूचे देठ सोलत होती. तिने मान वर न करता विचारलं, “शून्य म्हणजे मी का रे?”

रागाने नाही बोलली. देठ सोलत राहिली. मी काहीतरी हसून वेळ मारून नेली. पण त्या रात्री झोप लागली नाही.

कारण खरं काय होतं? दुकान सुरू केलं ते घराच्याच पुढच्या पडवीत. भाडं नाही. दुपारी मी जेवायला, माल आणायला किंवा वसुलीला गेलो की गल्ल्यावर आई नाहीतर बायको. मीटर घराचंच. आणि पहिली दोन वर्षं भाजीला पैसे मागितल्याचं मला आठवत नाही, कारण भाजी परसातून यायची. परस बघायची आई. यातलं काहीही माझ्या वहीत नव्हतं.

बीबीएला आम्हाला ‘इम्प्यूटेड कॉस्ट’ शिकवली होती. स्वतःची जागा, स्वतःचे श्रम फुकट वापरले तरी त्यांची किंमत धरायची, असा त्याचा अर्थ. परीक्षेत त्यावर मार्क मिळाले. घरात मात्र तो धडा मी कधी उघडलाच नाही.

मग पुढच्या पावसाळ्यात एक महिना मी वही घालून परसातून काय येतं ते लिहिलं. भाव आमच्याकडच्या बाजाराचा धरला.

अळू १२ जुड्या, १५ रुपयांनी १८० रुपये. दोडकी आणि घोसाळी मिळून ९ किलो, ६० रुपयांनी ५४०. माकडांच्या तावडीतून वाचलेली काकडी ७ किलो, ४० रुपयांनी २८०. लिंबं ६०, चार रुपयांनी २४०. हिरवी मिरची २ किलो, १६० रुपये. कढीपत्ता, गवती चहा, थोडं आलं असं किरकोळ १५० रुपये. एकूण १,५५० रुपये.

मग दुकानाच्या पहिल्या वर्षाची वही काढली. त्यात महिन्याचा सरासरी नफा ८,२०० रुपये दिसत होता. या आकड्यावर मी तेव्हा खूश होतो. आता त्यात घराने दिलेलं टाकलं. रस्त्यालगतच्या तेवढ्या गाळ्याचं भाडं कमीत कमी ३,००० रुपये. अर्धवेळ माणूस ठेवला असता तर ४,००० रुपये. विजेचा दुकानाचा वाटा ४५० रुपये. झाले ७,४५०. म्हणजे खरा नफा महिन्याला ७५० रुपये.

भाजी हा दुकानाचा खर्च नाही, घरखर्च आहे, हे मला कळतं. पण घरखर्च दुकानाच्या गल्ल्यातूनच जायचा ना? भाजी विकत आणावी लागली असती, तर ते ७५० गेले असते आणि वर ८०० रुपये खिशातून घालावे लागले असते. मी ज्याला शून्य म्हणत होतो, त्यावर माझं अख्खं दुकान उभं होतं.

आता तुम्ही म्हणाल, ‘सर, घरात कसला हिशोब? आईच्या मायेची किंमत करायची का?’ नाही. मायेची किंमत होत नाही, पण श्रमाची होते. आपण मायेचं नाव पुढे करून श्रम लपवतो, हा माझा आक्षेप आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं होतं. त्यात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं निघाली, पुरुषाची ९७. म्हणजे बाईची रोजची जवळजवळ पाच तास. घरून धंदा सुरू केला की हे पाच तास कमी होत नाहीत. उलट धंद्याचं काम त्यातच मिसळून जातं आणि दिसेनासं होतं.

न दिसणारा खर्च धंदा बुडवतो, हेही लक्षात घ्या. माझ्या प्रशिक्षणाला एक ताई यायच्या. लिंबाचं लोणचं करायच्या, हात उत्तम. बाटलीला मसाला, तेल, बरणी, लेबल मिळून ६२ रुपये खर्च, विक्री १०० रुपयांना. ‘सर, ३८ रुपये सुटतात,’ म्हणायच्या. लिंबं नणंदेच्या झाडाची, म्हणून त्यांचा खर्च शून्य. पुढे लग्नसराईची ४० बाटल्यांची ऑर्डर आली. ऐन उन्हाळा, झाडावर लिंबू नाही आणि बाजारात लिंबू सहा रुपयांना एक. बाटलीला आठ लिंबं, म्हणजे ४८ रुपये. बाटली पडली ११० ला, भाव ठरलेला १०० चा. दहा रुपये तोटा, चाळीस बाटल्यांवर ४०० रुपये. पहिल्या दिवसापासून नणंदेच्या लिंबांना वहीत भाव दिला असता, तर बाटलीची किंमत आधीच बरोबर ठरली असती. आणि नणंदेलाही कळलं असतं की आपल्या झाडाची कोणीतरी दखल घेतंय.

राजगड २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आला. आमच्या भागातली मुलं आता होमस्टेबद्दल, ट्रेकरच्या जेवणाबद्दल मला विचारायला येतात. छान आहे, जरूर करा. पण माझा पहिला प्रश्न असतो : पहाटे पाचला पंधरा जणांचे पोहे कोण करणार? उत्तर येतं, ‘आई आहे की घरी.’ मग दुसरा प्रश्न : कागदावर तिची मजुरी किती धरलीय? इथे बहुतेक जण गप्प होतात.

खरं तर आपल्याकडे आभार मानायची रीत फार व्यवहारी आहे. खंडेनवमीला आपण अवजारांची पूजा करतो. पोळ्याला बैलाला नुसता नमस्कार करत नाही, त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाही आणि त्याला पुरणपोळी देतो. लक्ष्मीपूजनाला व्यापारी वही पुजतो. ज्याच्या जिवावर चाललंय त्याला विश्रांती द्या, खाऊ घाला आणि वहीला देव माना, असा त्याचा सरळ अर्थ मी घेतो. मग त्याच वहीत घरच्या माणसाचं नाव का नसावं?

हिशोब झाल्यावर मी आईला म्हटलं, “दर महिन्याला दुकानातून तुला पैसे देणार.” मला वाटलं, तिला भरून येईल. ती म्हणाली, “पैशाचं नंतर बघू. आधी त्या माकडांचं काहीतरी कर.”

मंडळी, माझ्याच दुकानात जाळीचा रोल टांगलेला होता. तो मी लोकांना मीटरवर मोजून विकत होतो. आई दोन वर्षं सांगत होती, आणि मी दोन वर्षं ‘बघतो’ म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी बांबू आणले, जाळी लावली. बांबू, तार, जाळी धरून २,६०० रुपये गेले. खर्च दुकानाच्या वहीत टाकला. माकडं अजून येतात, कुंपणावर बसून बघतात, कधीतरी एखादी फट शोधतातच. पण अर्धी खाल्लेली काकडी आता रोज दिसत नाही.

त्या दिवशी मला समजलं की आभार आणि तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. ज्याचे आभार मानायचेत, त्याची छोटी तक्रार दूर करा. हार-तुरे, स्टेटसवरचा फोटो यापेक्षा ते जास्त पोचतं.

आणि तक्रारींमध्ये धंदाही असतो. गोगलगायींसाठी आम्ही गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याजवळ टाकतो. रात्री त्या तिथे गोळा होतात, सकाळी वेचून मिठाच्या पाण्यात टाकतो. गिऱ्हाइकांना हे सांगायला लागलो, तसे लोक रोपं-बियाणं घ्यायलाही माझ्याकडेच थांबू लागले. कपडे वाळत नाहीत ही आमच्या घरची कटकट म्हणजे गावातल्या प्रत्येक घरची कटकट. पुढच्या पावसाळ्यात मी छताला टांगायचे कपड्यांचे स्टँड आणले, सगळे खपले. लाईट जायचं मात्र मी काही करू शकलो नाही. फक्त रात्री झोपण्याआधी टाकी भरून ठेवतो. काही तक्रारींवर इतकाच उपाय असतो, तेही वहीत लिहून टाकावं म्हणजे डोक्यातून जातं.

तर या महिन्याचा गृहपाठ. एक साधी वही घ्या. डाव्या पानावर घरातून धंद्याला फुकट मिळणारं सगळं लिहा : जागा, वीज, हात, भाजी, कोणाची गाडी, कोणाचा फोन. समोर बाजारभाव टाका. उजव्या पानावर घरातल्या प्रत्येकाची एकेक छोटी तक्रार लिहा, त्यांना विचारून. महिनाअखेर डाव्या पानाची बेरीज करा आणि उजव्या पानावरची निदान एक तक्रार धंद्याच्या पैशातून मिटवा. ज्याचा आकडा डावीकडे सगळ्यात मोठा, त्याची तक्रार आधी.

माझा तो जुना व्हिडिओ मी काढून टाकला. नवीन केला, त्यात पहिलं वाक्य बदललं. आता म्हणतो, ‘मी आईच्या परसापासून सुरुवात केली.’ आईला दाखवला. तिने पूर्ण बघितला आणि म्हणाली, “बोलतोस बरा. पण जाळीला मागच्या बाजूला फट राहिलीय.”

उद्या सकाळी शटर उघडायच्या आधी ती फट बुजवायची आहे. भेटूया पुढच्या व्हिडिओत.