मुलगा रस्त्यावर, जामीन घरात

सोलापूरहून मोटारसायकलने लेह-लडाखला जाऊन येणारे तरुण आता नवलाचे राहिलेले नाहीत. त्यांच्यापैकी एखाद्याच्या मनात पुढे लंडनचा रस्ता घोळू लागतो आणि एके दिवशी तो ही गोष्ट घरी बोलून दाखवतो. घरातून येणारे प्रश्न ठरलेले असतात. एकटाच जाणार का, खाशील काय, रात्री उतरशील कुठे, दुकान कोण पाहणार? यांतला एकही प्रश्न वावगा नाही. परंतु ज्या प्रश्नावर या बेताचा खरा भार आहे, तो बहुधा कोणी विचारत नाही : गाडी परत आली नाही, तर पैसे कोण भरणार?

परक्या देशात आपली गाडी नेणे ही कायद्याच्या दृष्टीने मालाची आयात असते, आणि आयात म्हटली की शुल्क आले. प्रवासी ती गाडी तेथे विकणार नाही, परत घेऊन जाईल, अशी हमी मिळाली तर पुष्कळ देशांतील कस्टम खाते शुल्क न घेता गाडी आत सोडते. या हमीच्या पुस्तिकेला कार्नेट म्हणतात. १९१९ मध्ये स्थापन झालेली मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ती देते. पुस्तिकेच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. एक भाग देशात शिरताना काढून घेतला जातो, दुसरा बाहेर पडताना, आणि पुस्तिकेत उरणाऱ्या तिसऱ्या भागावर दोन्ही वेळचे शिक्के राहतात. मुदत एक वर्षाची. बाहेर पडतानाचा एक शिक्का घ्यायचा राहिला, तरी गाडी अजून त्याच देशात आहे असे कागदोपत्री ठरते आणि शुल्काची मागणी मागे लागू शकते.

या हमीच्या बदल्यात संस्थेकडे अनामत किंवा बँकेची हमी ठेवावी लागते. तिचा आकडा गाडीची किंमत आणि यादीतील देश पाहून ठरतो. जबर शुल्क घेणारा एखादा देश यादीत आला की आकडा चढतो. तेविशीतल्या मुलाजवळ एवढी रक्कम कोठून असणार? ठेवपावती वडिलांची असते, नाहीतर काकांची. व्यापारी घरांना जामीन राहणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. येथे मात्र मुलाच्या हौसेच्या भरात तो कागद न वाचता सही होते.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईहून निघून इंग्लंडपर्यंत पोचलेल्या एका मराठी प्रवाशाची मोटारसायकल नॉटिंगहॅम येथे चोरीस गेली. सामान आणि महत्त्वाची कागदपत्रे गाडीवरच होती. अशा वेळी गाडीचे दुःख एकीकडे आणि ती परत का नेली नाही याचा पुरावा देण्याचे काम दुसरीकडे, अशी दुहेरी गाठ पडते. म्हणून पासपोर्ट आणि कार्नेट गाडीच्या पेटीत न ठेवता अंगावर बाळगावेत, त्यांच्या प्रती घरी असाव्यात, आणि चोरी झाल्यास पोलिसांच्या नोंदीची प्रत घेतल्याशिवाय ते गाव सोडू नये.

हमीचे निश्चित झाल्यावर रस्त्याचा विचार. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून काही पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यांतील अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटरचा प्रवास पुरा करून मार्च १९२८ मध्ये परतले. ते बलुचिस्तानमार्गे इराणात गेले होते. त्यांच्या सायकलींना जो रस्ता खुला होता, तो आजच्या उत्तम मोटारसायकलीला बंद आहे. अटारीचे नाके एप्रिल २०२५ पासून बंद आहे. पूर्वेस मणिपुरातील मोरेहून म्यानमारमार्गे थायलंडला जाण्याची वाट फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर भरवशाची राहिली नाही. उत्तरेकडे नेपाळमधून तिबेटात शिरता येते. मात्र चीन आपला आंतरराष्ट्रीय परवाना मानत नाही, तेथील तात्पुरता परवाना घ्यावा लागतो, परवानगी आधी काढावी लागते आणि सोबत वाटाड्या ठेवावा लागतो. हा सारा खर्च एकट्याला झेपत नाही, म्हणून प्रवासी गट करून जातात. त्यातही जुलै २०२५ च्या पुरात रसुवागढीचा सीमेवरील पूलच वाहून गेला होता.

उरतो समुद्र. मोटारसायकल लाकडी खोक्यात बांधून न्हावाशेवा बंदरातून दुबईकडे पाठवायची आणि पुढे वाट धरायची. सोलापूरच्या माणसाला ही दिशा परकी नाही. याच गावात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१९ च्या एप्रिलमध्ये ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून लंडनकडे रवाना केली होती. पण दुबईनंतरही इराणचा प्रश्न आहेच. जून २०२५ मधील युद्धाने ती वाटही किती बेभरवशाची आहे हे दाखवून दिले. तात्पर्य, एकच मार्ग ठरवून निघणाऱ्याने अर्धाच बेत आखलेला असतो.

तारखांचे गणितही उलटे मांडावे लागते. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिन्यांहून अधिक आधी अर्ज करता येत नाही, आणि तो सामान्यतः राहत्या देशातूनच करावा लागतो. वाटेतच चार-पाच महिने जाणार असतील, तर व्हिसा हातात पडण्याचा दिवस आणि युरोपच्या सीमेवर पोचण्याचा दिवस यांचा मेळ घरी बसूनच घालायला हवा. तेथे पोचल्यावरही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना सोलापूरच्या आरटीओ कार्यालयातून मिळतो. त्याचीही मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. प्रवासविम्याच्या अटी बारीक अक्षरांसह वाचाव्यात, कारण मोटारसायकलचा अपघात अनेक विम्यांत वगळलेला असतो.

खाण्याची काळजी आईने थोडी कमी करायला हरकत नाही. सोलापूरची कडक भाकरी आणि लसूण न घातलेली शेंगाचटणी ही जणू अशाच प्रवासासाठी घडलेली शिदोरी आहे. तूप, खवा, पेढे मात्र युरोपीय संघात नेता येत नाहीत. दुबईमार्गे जाणाऱ्याच्या मसाल्यात खसखस चुकूनही नसावी. तेथे तो गंभीर गुन्हा ठरू शकतो. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांना उन्हाळ्यातले लंडन सोयीचे, जूनमध्ये तेथे रात्री नऊनंतर दिवस मावळतो. हिवाळ्यात मात्र दुपारी चारच्या सुमारास ताट वाढून घ्यावे लागते.

एवढ्या मोठ्या हमीवर सही करण्यापूर्वी मुलाची परीक्षा पाहण्याची सोय जवळच आहे. सोनौलीच्या नाक्यावरून नेपाळात जाताना भारतीयांना व्हिसा लागत नाही, कार्नेटही लागत नाही. भन्सार, म्हणजे तेथील सीमाशुल्काचा परवाना, दिवसांच्या हिशेबाने पैसे भरून काढायचा असतो. आपल्या गाडीचा विमाही जादा हप्ता भरून नेपाळपुरता वाढवून घेता येतो. पंधरा दिवसांच्या या फेरीत मुलाला एकट्याने चेन घट्ट करता येते का, पंक्चर काढता येते का, ठरल्या वेळी तो घरी फोन करतो का, हे कळते. भन्सारवर लिहिलेल्या दिवसांपेक्षा मुक्काम लांबला तर दंड होतो. मुलगा तारीख पाळून आला की दंड भरून आला, हे पाहून मगच वडिलांनी ठेवपावतीला हात लावावा.