पोरांना रानात न्या, पण कामाला नव्हे, शिकायला!



आपल्या पोरांनी तिसरीपासून 'परिसर अभ्यास' नावाचा विषय घोकला. कुठे? परिसरात नव्हे, चार भिंतींत! जमिनीचे प्रकार पाठ करायचे, आणि खिडकीबाहेरच्या काळ्या रानाकडे पाहिलं की गुरुजींची छडी. "शीक, नाही तर ढोरं राखशील" हा दम शाळेतही आणि घरीही. बापाचा धंदा म्हणजे शिक्षा, हा धडा मात्र पोरगं न घोकता शिकतं.

शाळा रानात न्या, ही मागणी आजची नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढच्या निवेदनात महात्मा फुल्यांनी प्राथमिक शाळेत शेतीचं ज्ञान आणि त्यासाठी लहानसं नमुना शेत मागितलं. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हातकामातून शिक्षण मांडलं. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर ढोरांमागे जाणाऱ्या आदिवासी पोरांसाठी शाळाच कुरणात नेली. तिचं नाव कुरणशाळा.

शहाणे विचारतील, शेतकऱ्याच्या पोराला रान काय दाखवायचं? अहो, रान पाहणं वेगळं, मोजणं वेगळं! तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद दोरी टाकली की गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. गुंठ्यातली पऱ्हाटीची झाडं मोजून एकराचा हिशेब केला की गुणाकार आला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. मग दहा मिलिमीटरच्या सरीत एकरावर सुमारे चाळीस हजार लिटर पडलं. ते गेलं कुठे? हा प्रश्न चौथीतल्या पोराला पडला पाहिजे. डोमकळी उघडून आतली गुलाबी बोंडअळी ज्याने भिंगातून पाहिली, त्याच्या गळ्यात दुकानदार वाटेल ती बाटली मारू शकणार नाही.

पण आपलंही चुकतं. वेचणी लागली की वर्ग ओस. पोराच्या कमरेला ओटी बांधून त्याला तासात उभं करणं हे शिक्षण नव्हे, फुकटची मजुरी आहे. मजुरी परवडत नाही हे खरं. म्हणून तिची किंमत पोराने का मोजावी? आणि फवारलेल्या रानात तर पोराचं पाऊलही पडू देऊ नका.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान पाऊण जागा पालकांना दिल्या. त्या नुसत्या सह्या करायला नाहीत. पुढच्या बैठकीत दोन गोष्टी मागा: आठवड्यातून एक तास रानात, आणि शाळेला पर्जन्यमापक, मोजपट्टी, तराजू व भिंग. एक शब्द आपण द्या: वेचणीच्या दिवसांत आमचं पोर शाळा बुडवणार नाही.

ज्याला स्वतःचा गुंठा मोजता येतो, तोच उद्या हिशेब मागतो.