वाळूज ते मुंबई : खरे अंतर किती?

इयत्ता सातवीच्या वर्गात आम्ही एकदा सोपे उदाहरण घातले होते. छत्रपती संभाजीनगराहून मुंबई आकाशमार्गे सुमारे २८० किलोमीटर. विमानाचा सरासरी वेग ताशी २८० किलोमीटर धरल्यास वेळ किती लागेल? सर्वांनी एक तास लिहिला. वाळूजच्या एका मुलाने मात्र पाच तास लिहिले, व आम्ही त्यावर लाल फुली मारली. मागाहून कळले की, आदल्याच महिन्यात त्याच्या आजारी आईस विमानाने मुंबईच्या रुग्णालयात नेले होते आणि तोही सोबत गेला होता. गणिताच्या दृष्टीने आमची फुली बरोबर होती. परंतु ती मारण्यापूर्वी आम्ही त्यास एक शब्दही विचारला नाही, ह्याची रुखरुख अद्याप वाटते.

त्याचा हिशेब पाहावा. वाळूज शहराच्या पश्चिमेस, चिकलठाण्याचा विमानतळ पूर्वेस. पंढरपूर, गोलवाडी, छावणी, क्रांती चौक आणि मग गजबजलेला जालना रस्ता, असे सुमारे २५ किलोमीटर कापण्यास कारखान्यांच्या पाळ्या सुटण्याच्या वेळी तासाहून अधिक लागतो. विमानतळावर निदान तासभर आधी हजर राहावे लागते. उड्डाण तासाभराचे. पुढे मुंबईत सामान घेऊन, गर्दीतून वाट काढीत रुग्णालय गाठावयाचे. पाच तास सहज होतात! मोटारीने हेच अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर भरते, व सहा-सात तासांत मनुष्य पोहोचतो. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण खुला झाल्यापासून तर हा फरक आणखी कमी झाला आहे. दिल्लीस जाणाऱ्याने सडकेचा हट्ट धरू नये, हे आम्हांसही मान्य आहे. दूरच्या प्रवासात विमानाची बरोबरी कोण करील? परंतु मुंबईपुरते बोलावयाचे तर विमान जो वेळ वाचविते, तो बहुतांशी आपण गावातल्या गावातच गमावून बसतो.

विमानप्रवासाची दोन्ही टोके जमिनीवरच असतात. आमच्या शहरास हे एकदा फार भयंकर रीतीने कळले आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी मुंबईस निघालेले विमान चिकलठाण्याहून उडत असता बीड रस्त्यावरील कापसाच्या गाठींनी भरलेल्या मालमोटारीवर आदळले, आणि ५५ माणसे प्राणास मुकली. धावपट्टीच्या तोंडावरील त्या सडकेची वाहतूक वेळीच रोखली गेली असती तर!

म्हणून आमचे मत असे की, नव्या विमानफेऱ्यांची मागणी करणाऱ्या पालकांनी व पुढाऱ्यांनी वाळूज ते चिकलठाणा ह्या २५ किलोमीटरांसाठीही तितकाच आग्रह धरावा. रुग्णास घेऊन जाणाऱ्या कुटुंबाचा जीव टांगणीस लागतो तो आकाशात नव्हे, क्रांती चौकात.

यंदा आम्ही तेच उदाहरण पुन्हा घातले. ‘आपापल्या घराच्या दारापासून’ एवढेच शब्द त्यात वाढविले. वर्गात मुले बेचाळीस. उत्तरेही जवळजवळ तितकीच आली, आणि ती तपासण्यास आम्हांस शनिवारची दुपार पुरली नाही.